जुन्या गाडीला सीएनजी किट: बसवून देणारे ढीगभर, आरसीवर चढवून देणारे मोजके

आधी निकाल सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. जुन्या पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवायचं असेल आणि ते सरकारदरबारी, विम्यात, आरसीवर सगळीकडे नीट नोंदलेलं हवं असेल तर आम्ही ज्या सेंटरला गेलो तसंच सेंटर शोधा. पाचपैकी साडेचार देतोय, अर्धा का कापला ते पुढे येईल. सेंटरचं नाव इथे टाकत नाही, कारण असं काम करणारी माणसं बऱ्याच जिल्ह्यांत आहेत आणि ती कशी ओळखायची हे कळलं की नावाची गरज उरत नाही.

गाडी वडिलांची, म्हणजे अण्णांची. वॅगन-आर, २००९ ची, १०६१ सीसीचं इंजिन, पेट्रोल. इंजिन एकदम ठणठणीत, पत्रा बरा, एसी चालतो, अण्णांचा जीव तिच्यात अडकलेला आहे आणि रोज शेतावर आणि आठवड्याला बाजारला ती लागतेच. गावात पेट्रोलवर १३-१४ च्या वर देत नव्हती. २०२४ मध्ये १५ वर्षं पूर्ण झाली तेव्हा फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून, ५,००० फी आणि वर पर्यावरण कर भरून आरसी पाच वर्षांनी वाढवून घेतली होती. तेव्हाच ठरलं की आता गाडी ठेवायचीच आहे तर गॅसवर घेऊ.

आता किट म्हटलं की प्रत्येक गॅरेजवाला बसवून देतो. चार ठिकाणी विचारलं तर तीन ठिकाणी पहिलं वाक्य किमतीचं. एकाने तर सरळ सांगितलं की सेकंडहँड सिलिंडर टाकू, वीस हजार वाचतील, आरसीचं नंतर बघू, कोण विचारतंय. माझ्या मावसभावाने दोन-तीन वर्षांपूर्वी हेच ऐकून घेतलं होतं. त्याच्या बिलावर किटचा सिरीयल नंबरच नव्हता आणि सिलिंडरची प्लेट निघाली दुसऱ्याच गाडीची. आरसी रिन्यू करायला गेला तेव्हा गाडीत सिलिंडर आणि आरसीवर नुसतं पेट्रोल. शेवटी सगळं किट काढून गाडी पुन्हा दाखवावी लागली, पैसे पाण्यात. म्हणून आमच्याकडे हा विषय निघाला की घरात सगळे आधी कागदाचं विचारतात.

आम्ही गेलो त्या सेंटरच्या काकांनी किमतीआधी आरसी मागितली. व्हॅलिडिटी बघितली, बँकेचा बोजा आहे का बघितलं (लोन असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी लागते, आमचं कधीच फिटलंय), मग विमा चालू आहे का, पीयूसी आहे का. मग बॉनेट उघडून चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः टॉर्च लावून आरसीशी ताडून बघितले. म्हणाले, "दादा, इथे एक अक्षर जरी जुळलं नाही तर मी किटला हात लावत नाही, आधी ते दुरुस्त करून आणा." मला तिथेच माणूस पटला.

थोडं कायद्याचं सांगतो, कारण यावरच सगळा खेळ आहे आणि लोकांच्या डोक्यात फार गोंधळ आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने जी गाडी बनवली आणि आरसीवर जे तपशील लिहिलेत त्यात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. पण त्याच कलमात इंधन बदलायची वाट दिलेली आहे, म्हणजे सीएनजी, एलपीजी, बॅटरी यांसाठी मान्यताप्राप्त कन्व्हर्जन किट नियमाप्रमाणे बसवता येतं, आणि बसवल्यावर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. हे १४ दिवस लक्षात ठेवा, कारण "नंतर बघू" म्हणणारे बरोबर हेच सांगत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ आलं, त्यात परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मालकाला, गॅरेजवाल्याला नाही. आणि त्याच वर्षी जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं होतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध जाऊन गाडी बदलता येणार नाही.

आता दुसरी बाजू इंजिनिअरिंगची, आणि ती मला तरी जास्त भारी वाटली. "मान्यताप्राप्त किट" म्हणजे नुसता चांगल्या कंपनीचा डबा नाही. किट बनवणाऱ्याला किंवा आयात करणाऱ्याला ते पुण्याच्या एआरएआय, मानेसरच्या आयकॅट किंवा अशाच सरकारमान्य तपासणी संस्थेकडून पास करून घ्यावं लागतं आणि ते सर्टिफिकेट ठराविक मुदतीचं असतं. त्यात धूर किती सोडते हे प्रत्यक्ष गाडीवर मोजतात आणि पास झालेलं किट त्या इंजिनाच्या आसपासच्या सीसीलाच चालतं, १,५०० सीसीपर्यंतच्या इंजिनाला ७ टक्के इकडेतिकडे आणि त्यावरच्याला ५ टक्के. म्हणजे १,२९८ सीसीच्या एस्टीमवर पास झालेलं किट आमच्या १०६१ ला कागदावर बसत नाही, भले नट-बोल्ट सगळे बसोत. शिवाय गाडी बीएस थ्री की बीएस फोर, म्हणजे धुराच्या कोणत्या सरकारी टप्प्यातली, हेही जुळायला लागतं. काकांनी फाईल काढून सर्टिफिकेटची प्रत दाखवली, आमची सीसी कोणत्या रेंजमध्ये येते तिथे बोट ठेवलं आणि मुदत कधीपर्यंत आहे ते दाखवलं. चारपैकी फक्त या एका ठिकाणी हा कागद न मागता समोर आला.

सिलिंडरचं खातं वेगळं. ते येतं पेसोकडे, म्हणजे नागपूरला मुख्य ऑफिस असलेलं स्फोटक विभागाचं खातं. सिलिंडरच्या गळ्याजवळ धातूतच कोरलेलं असतं सगळं, नंबर, वजन, पाण्याच्या लिटरमध्ये क्षमता, टेस्टची तारीख. आमचा ६० लिटरचा घेतला, त्यात साधारण नऊ किलोच्या आसपास गॅस जातो. काकांनी अण्णांना बसवून तो नंबर वाचायला लावला आणि सर्टिफिकेटवरचा नंबर स्वतः मोठ्याने वाचला. अण्णांना चष्मा लावून एकेक आकडा जुळवताना बघून मला बरं वाटलं, कारण २०० बार प्रेशरची वस्तू माणूस पाठीमागे घेऊन फिरणार आहे, त्याने ती एकदा तरी हात लावून बघितलेली असावी. दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने सिलिंडर तपासणं) करावी लागते, ती झाली नसेल तर पंपावर गॅस भरून देत नाहीत, आणि दिला तर तुम्हीच घेऊ नका.

फिटिंग. इथे मी मुद्दाम दिवसभर बसून राहिलो. सिलिंडरचा ब्रॅकेट नुसता पत्र्याला स्क्रू मारून लावला नाही, खालून गाडीच्या तळाला जाड लोखंडी प्लेट देऊन आरपार बोल्ट घेतले, म्हणजे धडक बसली तर वजन पातळ पत्र्यावर न येता प्लेटवर पसरतं. साठ-सत्तर किलोची वस्तू आहे, पत्रा फाडून पुढे आली तर मागे बसलेल्याचं काय होईल याचा विचार करा. बोल्ट मारलेल्या प्रत्येक भोकाला खालून अंडरकोटिंग मारलं, जुन्या गाडीला हे फार महत्त्वाचं, नाहीतर दोन पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो. व्हॉल्व्हवर जाड प्लास्टिकची पिशवी आणि त्यातून दोन नळ्या गाडीच्या तळातून बाहेर, म्हणजे कधी लीक झालंच तर गॅस डिकीत न साठता बाहेर जातो. ही पिशवी बसवायला पंधरा मिनिटं लागतात आणि स्वस्तातली गॅरेजं नेमकी हीच गाळतात. हाय प्रेशरची स्टीलची नळी सायलेन्सरपासून लांब, ठराविक अंतरावर क्लॅम्प मारत पुढे आणली. पुढे रिड्यूसर, तो २०० बारचा दाब अगदी कमी करून देतो, आणि गॅस असा एकदम प्रसरण पावला की गोठायला लागतो म्हणून रिड्यूसरमधून इंजिनच्या कूलंटचं गरम पाणी फिरवतात. म्हणूनच गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि गरम झाली की आपोआप गॅसवर जाते. थंडीत सकाळी थोडा वेळ पेट्रोलवरच चालते, ते बिघाड नाही, तसंच असतं.

मग लीक टेस्ट. एका पोराने ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जॉइंटवर फेस लावला आणि काका स्वतः टॉर्च घेऊन बघत होते. फिलिंग व्हॉल्व्हच्या नटाशी एक बारीक बुडबुडा आला, टाचणीच्या डोक्याएवढा, येतो आणि जातो. पोरगं नट आवळायला गेलं तर काकांनी थांबवलं, प्रेशर उतरवायला लावलं, जॉइंट पूर्ण खोलला, आतली रिंग बदलली आणि परत पहिल्यापासून भरून सगळे जॉइंट पुन्हा तपासले. अर्धा-पाऊण तास गेला. प्रेशरवर असलेला नट आवळायचा नाही हा नियम त्यांनी तिथल्या तिथे पोराला समजावून सांगितला, ओरडले नाहीत. हे बघितल्यावर माझ्या मनातली किमतीची घासाघीस संपली.

आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडली, ती म्हणजे त्यांनी काय काय करायला नकार दिला. मागे वजन आल्यावर गाडी बसणार म्हणून बाजारात स्प्रिंगमध्ये टाकायचे रबर मिळतात, मी विचारलं. म्हणाले स्प्रिंग जुन्या झाल्यात, कंपनीच्या नवीन टाका, रबर टाकून स्प्रिंगची चाल मारू नका. चुलत्याच्या मोडीत निघालेल्या गाडीचा सिलिंडर आहे तो वापरू का, तर साफ नाही. पुढचा बंपर गार्ड तर आरटीओला जायच्या आधी काढायलाच लावला. २०१७ च्या डिसेंबरमध्येच केंद्राने राज्यांना या क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलंय, तरी अर्धी गावं ते लावून फिरतात. गार्डमुळे धडकेचा मार बंपरच्या ऐवजी सरळ चेसिसला जातो, चालत्या माणसाला लागला तर जास्त इजा होते, आणि एअरबॅगवाल्या गाडीत सेन्सरचंही गणित बिघडतं. अण्णांना तो गार्ड फार आवडायचा. पण त्यांनीच पाना मागून घेतला.

आरटीओचं काम. ऑनलाइन पोर्टलवर बदलाचा अर्ज, फी, आणि सोबत किटच्या मान्यतेची प्रत, सिलिंडरचं सर्टिफिकेट, फिटमेंट सर्टिफिकेट, आणि बिल ज्यावर चेसिस नंबर, इंजिन नंबर, सिलिंडर नंबर, रिड्यूसर आणि ईसीयूचे (गॅसचा पुरवठा सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचे) सिरीयल नंबर सगळे छापलेले. हे बिलच खरा दागिना आहे. गाडी घेऊन गेलो, सेंटरचा माणूस सोबत होता, इन्स्पेक्टर साहेबांनी डिकी उघडून सिलिंडरचा नंबर बघितला, कंप्लायन्स प्लेट (सिलिंडरच्या तपासणीची नोंद असलेली पट्टी) बघितली, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलने छाप घेतला, गाडी पेट्रोलवर आणि गॅसवर दोन्ही चालवून बघितली. एकही कागद परत मागितला नाही. काही आठवड्यांत आरसीवर इंधन पेट्रोल/सीएनजी असं आलं. अर्ज १४ दिवसांच्या आतच गेला होता, ते सेंटरनेच सांभाळलं. एजंट लागला नाही, वेगळे पैसे कुठे मोजावे लागले नाहीत.

मग विमा. हे सेंटरचं काम नव्हतं तरी काकांनी आठवण करून दिली. आरसीची नवी प्रत विमा कंपनीला पाठवून किटची किंमत पॉलिसीत वेगळी चढवायची. किटच्या किमतीच्या ४ टक्के स्वतःच्या नुकसानीच्या भागात आणि थर्ड पार्टीत ६० रुपये, एवढाच वाढीव हप्ता. एवढ्या पैशासाठी लोक लपवतात आणि मग गाडीला आग लागली की कंपनी पहिलं आरसी आणि पॉलिसी काढून बघते, दोन्हीवर नुसतं पेट्रोल असेल तर भांडत बसा.

खर्च सगळा मिळून साठ हजारांच्या आत, सिक्वेन्शियल किट, नवीन सिलिंडर, प्लग, मागच्या स्प्रिंग सोडून. आता गाडी किलोला १९-२० देते. ताकद थोडी कमी जाणवते, घाटात चार माणसं आणि सामान असेल तर दुसऱ्या गिअरवर यावं लागतं. अण्णांचं रोजचं फिरणं बघता पैसे वसूल व्हायला वेळ लागेल पण होतील. मात्र ज्यांची गाडी महिन्यात दोनदाच बाहेर पडते त्यांनी हा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पुढच्या खेपेला आरसी वाढवायची वेळ येईल तेव्हा गाडीला वीस वर्षं होत आलेली असतील. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षं उलटलेल्या कारची रिन्यूअल फी १०,००० झालीय, तेही हिशोबात धरा. आमचा हिशोब गाडी ठेवायचीच आहे या बाजूने आहे म्हणून जमतोय.

अर्धा गुण कशाला कापला ते आता. फोन उचलत नाहीत. आरसीचं कुठवर आलं हे कळायला प्रत्येक वेळी दुकानात जावं लागलं, आणि गावाकडून येणाऱ्याला ते परवडत नाही, एक साधा मेसेज टाकला असता तरी चाललं असतं. दुसरं म्हणजे स्टेपनी. सिलिंडर बसल्यावर स्टेपनी बाहेर काढायला फार खटपट करावी लागते, रात्री रस्त्यात पंक्चर झालं तर वयस्क माणसाला जमणार नाही. हे आधी सांगायला हवं होतं, बसवून झाल्यावर कळलं. नंतर तक्रार केली तेव्हा त्यांनी ब्रॅकेटची एक पट्टी फिरवून थोडी जागा करून दिली, पैसे घेतले नाहीत, पण अण्णांसाठी मी टायर फुगवायचा छोटा पंप घेऊन ठेवलाय.

बरेच जण विचारतात की मग जुन्या जीपला दुसरं इंजिन टाकलं, किंवा विंटेज गाडी उभी केली, तर हेच सेंटर करेल का. नाही करणार, हे लोक फक्त किटचं बघतात. इंजिन बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि मग काम, उलट नाही. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळे नियम आहेत, विंटेज म्हणून नोंद होते, पाटीवर व्हीए अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २०,०००. पण त्यातही चेसिस, बॉडी शेल आणि इंजिनमध्ये मोठी फेरफार केलेली चालत नाही. म्हणजे आजोबांच्या काळातल्या फियाटला आतून नवीन इंजिन टाकून विंटेजची पाटी लावायची कुणाची कल्पना असेल तर आधी नियम वाचा. बॅटरीवर करायचं असेल तर त्यालाही एआयएस १२३ या सरकारी मानकाप्रमाणे पास झालेलं किटच लागतं, बाजारातून मोटर आणि बॅटरी आणून जोडलेलं आरसीवर येत नाही. रील्सवर बघून कुणी उत्साहाने कामाला लागत असेल तर त्याला हे आधी सांगा.

जाणार असाल तर जाताना आरसी, विमा, पीयूसी, आधार सगळ्याच्या दोन-दोन प्रती न्या, गाडीची टाकी पाव तरी पेट्रोलने भरलेली ठेवा कारण ट्युनिंग दोन्ही इंधनावर करतात, इंजिन ऑइल आणि एअर फिल्टर आधीच बदलून घ्या, आणि किटच्या मान्यतेचं सर्टिफिकेट हातात घेऊन त्यावर तुमच्या गाडीची सीसी आणि मुदतीची तारीख स्वतः वाचल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. सकाळी लवकर गेलात तर काका स्वतः भेटतात, दुपारनंतर ते बहुतेक आरटीओत असतात.